कढीपत्त्याचे महासामंत

आमच्या ऑफिसात प्रत्येकाला दोन पदं होती. एक एचआरच्या फाइलमधलं, ते मी लिहायचे. दुसरं आमच्यातल्या इतिहासवेड्या सरांनी दिलेलं, आणि हाक मारताना चालायचं ते दुसरंच. जनरल मॅनेजर म्हणजे महासामंत. अकाउंट्सचा शेट्टी भांडागारिक. रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगी प्रतीहारी. व्हिसाच्या कामासाठी रोज सरकारी खिडक्यांवर हुज्जत घालणारा आमचा मल्याळी पीआरओ म्हणजे सांधिविग्रहिक, तह आणि युद्ध बघणारा मंत्री. त्याला अर्थ समजावून सांगितल्यावर त्यानं ते व्हॉट्सॲपवर नावाखाली लावून टाकलं. मी अक्षपटलिक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस मला शिवी देतोय.

"अहो बाई, अक्षपटलिक म्हणजे दफ्तर सांभाळणारा," सर म्हणाले. "फार मोठा हुद्दा. राजे बदलायचे, अक्षपटलिक नाही बदलायचा."

हे मात्र खरं निघालं. मी आल्यापासून तीन जीएम गेले आणि मी अजून दुबई सिलिकॉन ओएसिसच्या त्याच खुर्चीत आहे.

मी वसईची. आमच्या वसईत इतिहास पोर्तुगीज उतरले तिथपासून सुरू होतो. त्याआधी काय होतं हे शाळेत कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सरांचं उलट. त्यांचा इतिहास पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी संपायचा. राष्ट्रकूट, शिलाहार, त्यांचे सामंत, त्या सामंतांचे सामंत, आणि त्या सगळ्यांच्या खाली कोकणातलं एखादं गाव. सरांचा जीव त्या गावात अडकलेला. रायगडातल्या एका कॉलेजात ते तासिका तत्त्वावर शिकवायचे. म्हणजे तास घ्याल तेवढे पैसे, सुट्टी लागली की घरी बसा. पर्मनंट जागेची वाट बघता बघता डोक्याचे केस गेले. शेवटी किनाऱ्यावरच्या एका गावातला, त्यांच्याच हाताखाली शिकलेला मुलगा त्यांना म्हणाला, सर, माझ्या मामाच्या ओळखीनं गल्फला चला. आणि डॉक्टरेट घेतलेला माणूस आमच्या कंपनीत वेल्फेअर ऑफिसर झाला.

वेल्फेअर ऑफिसर हे फाइलमधलं पद. काम असं, की उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आमचा लेबर कॅम्प आहे, तिथल्या माणसांना गाद्या मिळाल्या का, एसी चालतात का, मेसच्या डाळीत डाळ आहे का, ते बघायचं. दर गुरुवारी माझी गाडी, मी ड्रायव्हिंगला, आणि सर मागच्या सीटवर. पुढे रिकामी सीट असताना मागे. मला पहिले काही महिने फार राग यायचा, मी काय ड्रायव्हर आहे का यांची? एकदा विचारलंच.

"पुढे बसलं की माणसाला वाटतं गाडी आपणच चालवतोय," सर म्हणाले. "ती सवय नको."

उन्हाळ्यात ते काळी छत्री घेऊन फिरायचे. वाळवंटात, जिथे पाऊस म्हणजे ऑफिसला सुट्टी, तिथे छत्री. शर्टाचं गळ्याचं बटण कायम लावलेलं. हातात बिनदुधाचा, बिनसाखरेचा सुलेमानी चहा. आणि कंपनीत काहीही नवीन निघालं की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असायचा. समजा महासामंतांनी फर्मान काढलं की रविवारी कॅम्पची साफसफाई सगळ्यांनी मिळून करायची. सर शांतपणे हात वर करणार.

"याचा पगार मिळणार?"

"सर, इट्स टीम बिल्डिंग."

"म्हणजे नाही मिळणार."

"नाही."

"मग विष्टी झाली," सर म्हणणार आणि चहाचा घोट घेणार.

विष्टी म्हणजे वेठ. राजाचा माणूस गावात आला की गावानं त्याची बैलगाडी ओढायची, लाकडं फोडायची, दूध द्यायचं, अंथरूण द्यायचं, आणि पुन्हा हात जोडून उभं राहायचं. सरांच्या मते जगातली सगळी राज्यं एका प्रश्नात समजतात. राजा कोण ते विचारू नका, राजा जेवायला आला की स्वयंपाक कोणाच्या चुलीवर होतो ते विचारा.

आमच्याकडे तो हमीदभाईंच्या चुलीवर व्हायचा. हमीदभाई कॅम्पच्या मेसचे कुक, रत्नागिरीकडच्या खाडीवरल्या गावातले. महासामंत पाहुणे घेऊन रविवारी कॅम्प बघायला यायचे, आणि रविवार हाच तर सगळ्यांचा सुट्टीचा दिवस. मग हमीदभाई पहाटेपासून बिर्याणीला लागायचे आणि पोरं सुट्टीचे कपडे काढून युनिफॉर्म चढवायची.

"बाई, ताम्रपटात राजा गाव दान देताना सगळ्यात मोठं वरदान काय देतो, माहीत आहे?" सर मला गाडीत विचारायचे. "सोनं नाही. तो लिहून देतो की इथून पुढे या गावात सरकारी माणूस शिरणार नाही."

माझा मुलगा एकदा सुट्टीत आमच्या गाडीत होता. सर त्याला हे सगळं रंगवून सांगत होते, राजे, सामंत, वेठ. तो इथंच जन्मलेला, मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये उत्तर देतो. तो म्हणाला, "बट अंकल, हू वॉज द बॅड गाय?"



"तोच तर प्रॉब्लेम आहे बेटा," सर म्हणाले. "कुणीच नव्हता. सगळे आपापली ड्युटी करत होते."

आता बागेचं सांगते, कारण सरांचं सगळं तिथंच झालं.

कॅम्पच्या मागच्या भिंतीला लागून एक रिकामी पट्टी होती. हमीदभाईंनी कुठूनकुठून माती आणून तिथे वाफे केले होते. एसीचं ठिबकणारं पाणी डब्यांत साठवायचं आणि झाडांना घालायचं. मेथी, भेंडी, मिरच्या, टोमॅटो. बाकीची पोरंही कामावरून आली की तिथे खुरपत बसायची, बिहारी, बंगाली, नेपाळी, सगळी. भिंतीच्या कोपऱ्यात हमीदभाईंचा कढीपत्ता. बोटाएवढं रोप आधी तुपाच्या डब्यात लावलं होतं, मग मातीत, आणि ते छातीपर्यंत आलं होतं. त्याला ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

मी एकदा थट्टा केली, "हमीदभाई, झाड आहे की बायको?"

ते हसले नाहीत. "मॅडम, इथं बेड कंपनीचा, चूल कंपनीची, भांडी कंपनीची. पासपोर्टवरचा शिक्कासुद्धा कंपनीच्या नावानं. एवढं एक माझं आहे."

आणि महासामंतांनी ठरवलं की त्या पट्टीवर काँक्रीट घालून पाहुण्यांच्या गाड्यांसाठी पार्किंग करायचं. मेल आला, मीच तो सर्क्युलेट केला. पोरांनी काही म्हटलं नाही. म्हणून करणार काय? हमीदभाईंची त्या दिवशी डाळ खारट झाली.

सर मात्र एकदम खूश दिसायला लागले. मला वाटलं, उन्हाचा परिणाम.

"बाई, अरबाब कधी येणार आहेत?" त्यांनी विचारलं.

अरबाब म्हणजे मालक, अबुधाबीत राहणारे वयस्कर गृहस्थ. सरांच्या दरबारात परमभट्टारक, म्हणजे सम्राट. वर्षातून एकदा कॅम्पवर यायचे, खुर्चीत बसायचे, गहवा म्हणजे त्यांची अरबी कॉफी प्यायचे आणि जायचे. जुन्या लोकांसारखं त्यांना मोडकंतोडकं हिंदी यायचं. त्या वर्षी आले तेव्हा सर छत्री बाजूला ठेवून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. महासामंतांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"तुम किदर से?" अरबाबांनी विचारलं.

"कोकण से, अरबाब. समुंदर के किनारे से."

"हमारा जद्द उदर जाता था. लकडी लाता था," अरबाब म्हणाले. जद्द म्हणजे आजोबा.

झालं. सरांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी गोष्ट लावली. फार जुन्या काळी राष्ट्रकूटांच्या राज्यात संजाणचा कारभार एक अरब अधिकारी बघायचा. त्यानं गोरगरिबांसाठी नदीवर फुकट नाव चालवली, अन्नछत्र उघडलं. त्याचं नाव तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं आहे आणि आजही लोक ते वाचतात.

अरबाबांनी गहवा खाली ठेवला. "नाव का पैसा नहीं लिया?"

"नहीं लिया."

"और उसका नाम अभी तक है?"

"अभी तक है, अरबाब. बाकी सबका मिट गया."

अरबाब विचारात पडले. मग सरांनी मागच्या पट्टीकडे हात केला, की ही बाग आहे, तुमच्या लोकांनी तुमच्या जमिनीवर केलेली. ती तुम्ही त्यांना दिलीत आणि पितळेवर लिहिलंत, तर तुमचंही नाव राहील. मला येताना गाडीत त्यांनी गणित समजावलं होतं. ताम्रपटात सुरुवातीला पानभर राजाची स्तुती असते आणि शेवटी चार ओळीत गावाला काय मिळालं ते. लोक स्तुती वाचून हसतात. हसू नये, ती त्या चार ओळींची किंमत आहे.

"लिखो," अरबाब म्हणाले. "पार्किंग खलास." महासामंतांनी सगळ्यात आधी टाळी वाजवली.

पण मग अरबाबांनी विचारलं, "किसको दिया, वो क्या लिखेगा?"

"इन लोगों को, अरबाब. काम करनेवालों को."

"ये लोग आज है, कल मुल्क चला जायेगा. नाम किसका?" आणि अरबाबांनी सरांकडे बोट केलं. "तुम उस्ताद है. तुमको दिया. तुम लोगों का खयाल रखो."

सरांनी नको नको म्हणून पाहिलं. पण देणारा आनंदात असला की घेणाऱ्याला कोण विचारतो. परतताना ते मागच्या सीटवर पांढरेफटक होऊन बसले होते.

"बाई, माझ्या नावानं अग्रहार झाला," ते म्हणाले.

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"राजा विद्वान माणसाला अख्खं गाव देऊन टाकायचा. जमीन, झाडं, पाणी आणि वर माणसं. माणसांना कुणी विचारायचं नाही. यावर मी आयुष्यभर बोंबललो आणि आता ते माझ्याच नावावर लागलं."

पाटीचा मजकूर त्यांनीच केला, इंग्लिशमध्ये, आणि अरबी पीआरओकडून करून घेतला. शारजातल्या एका कारागिराकडून पितळेवर कोरून घेतली. तीनशे दिरहम, म्हणजे सात हजार रुपये झाले, असं सर दुकानात मोठ्यानं म्हणाले, आणि मलाही सवयीनं ते रुपयांतच महाग वाटलं. वर सूर्य आणि चंद्र, कारण दान सूर्य-चंद्र असेतो टिकायचं. मग अरबाबांची भरपूर स्तुती. मग चतुःसीमा, पूर्वेला मेस, पश्चिमेला भिंत, उत्तरेला पाण्याची टाकी, दक्षिणेला जनरेटर. मग, कंपनीच्या अधिकाऱ्यांनी इथे कामाशिवाय शिरू नये. शेवटी, उस्ताद डॉक्टर अमुक यांस दिले. आणि अगदी खाली कोपऱ्यात एक गाढव.

"गाढव कशाला?" मी विचारलं.

सर लाल झाले. कोकणात शिलाहारांच्या काळात दानाचा दगड उभा करायचे, त्यावर गाढव कोरलेलं असायचं. गधेगाळ म्हणतात त्याला. जो कोणी हे दान मोडेल त्याला उद्देशून एक शिवी, चित्रातली. शिवीत त्याच्या आईचा आणि गाढवाचा संबंध. मी पुढचं विचारलं तर सर म्हणाले, "बाई, तुम्ही चर्चला जाता."

अरबाबांनाही गाढवाबद्दल प्रश्न पडला. "ये हमार कायको?" हमार म्हणजे त्यांच्या भाषेत गाढव. सर म्हणाले, आमच्या किनाऱ्याची जुनी पद्धत, गाढव बागेची राखण करतं. अरबाबांना फार आवडलं. त्यांच्या लहानपणी पाणी गाढवावरूनच यायचं म्हणे.

हमीदभाईंनी भिंतीवर पाटी लागली त्या दिवशी गाढवाकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि मिशीत हसले. त्यांच्या गावच्या वेशीवर असला दगड आहे.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे, आणि इथेच संपवली असती तर सर मोठे महात्मा ठरले असते. पण मी त्यांच्याबरोबर दर गुरुवारी जात होते.

पहिल्या गुरुवारी पोरांनी सरांना पिशवीभर भेंडी दिली. सरांनी परत केली. दुसऱ्या वेळी मेथीची जुडी घेतली, नाकारलं तर वाईट दिसतं म्हणून. मग कधीतरी जातानाच गाडीत म्हणाले, "आज टोमॅटो असतील नाही?" पोरांनी त्यांच्यासाठी सावलीत पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. सर आधी उभे राहिले. मग बसले. मग एकदा खुर्ची जागेवर नव्हती तेव्हा त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आणि एक नेपाळी पोरगा धावत जाऊन ती घेऊन आला, बसायच्या आधी रुमालानं पुसून दिली. सरांनी "अरे, राहू दे" म्हटलं नाही. "माझी मेथी यंदा चांगली आली" असं ते शेट्टीला सांगत होते, तेही मी ऐकलं. आणि एका गुरुवारी गाडीचं पुढचं दार उघडून ते माझ्या शेजारी बसले. गुडघे दुखतात म्हणाले.

मला ते तेव्हाच खटकलं. पण मी म्हटलं, जाऊ दे, म्हातारा माणूस आहे, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी खुर्ची दिली त्याला. कॉलेजनं तर स्टूलही दिलं नाही.

मग अरबाब पुन्हा यायचे झाले. सरांच्या डोक्यात आलं की बाग जरा नीटनेटकी दिसली पाहिजे. वाफे वाकडेतिकडे होते, ते सरळ करायचे, आणि भिंतीकडेनं झेंडूची एक ओळ. ताम्रपटात गावाचं वर्णन 'वृक्षांच्या रांगांसह' असं असतं, हे त्यांनी पोरांना समजावून सांगितलं. पोरांनी माना डोलावल्या आणि सुट्टीच्या दिवशी खणायला घेतलं. पगाराचा तो प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही. विचारणाराच खुर्चीत बसलेला.

झेंडूच्या ओळीत कढीपत्ता येत होता. हमीदभाई आत दुपारच्या जेवणाला लागलेले. सर म्हणाले, "तो जरा काढा, दुसरीकडे लावू नंतर." दोन पोरांनी एकमेकांकडे बघितलं आणि काढला.

पुढच्या गुरुवारी निघताना हमीदभाई गाडीपाशी आले, हातात नेहमीची पिशवी. वर भेंडी नव्हती. वर तो कढीपत्ता होता, मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, वरच्या फांद्या छाटलेल्या, उरलेली पानं मान टाकलेली.

"साहेब, तुमचा हिस्सा," ते म्हणाले.

ते सरांना इतकी वर्षं सर म्हणत आले होते. साहेब ते फक्त जीएमना म्हणायचे.

सरांनी पिशवी घेतली. पुढचं दार उघडलं होतं ते बंद केलं आणि मागे जाऊन बसले. सिलिकॉन ओएसिस येईपर्यंत पिशवी मांडीवर. मला खरं सांगायचं तर त्यांचा संताप आला होता, आणि मी तो गिळणाऱ्यातली नाही.

"सर, तुमच्या ताम्रपटात याला काय म्हणतात?" मी आरशात बघत विचारलं.

"भोग," ते म्हणाले. "गावानं धन्याला द्यायचा. फळं, फुलं, भाजी." आणि थोड्या वेळानं, "शिलालेखात गावकऱ्यांची नावं नसतात, बाई. मी लोकांना सांगायचो की ती मुद्दाम लपवली. तसं नसेल. त्यांच्या लक्षातच आलं नसेल की तिथं कुणी आहे."

मला पाटीवरचं गाढव आठवलं. दान मोडणाऱ्यासाठी सरांनी ते हौसेनं काढून घेतलं होतं आणि पहिला नंबर त्यांचाच लागला होता. पण त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की ते मी बोलले नाही.

तो कढीपत्ता त्यांनी आपल्या खोलीतल्या बादलीत ठेवला. त्या बादलीनं ते आंघोळ करायचे, आता करेनात. आणि रजा टाकून अबुधाबीला अरबाबांकडे गेले. मीच घेऊन गेले. मजलिसमध्ये, म्हणजे अरबाबांच्या बैठकीच्या खोलीत, त्यांनी हात जोडून सांगितलं, अरबाब, पाटीवरून माझं नाव काढा, मी लायक नाही.

अरबाबांना ते आवडलं नाही. "हमने दिया. दिया हुआ वापस लेना ऐब है," ते म्हणाले. "और तुम देगा तो हम लेगा, वो भी ऐब." झेंडू बघायला येण्याचा बेतही त्यांनी रद्द केला. सगळी सरळ ओळ फुकट गेली.

म्हणजे नाव राहणार, सूर्य-चंद्र असेतो. मग सर बादली घेऊन कॅम्पवर गेले आणि कुणालाही हाक न मारता स्वतः खड्डा खणायला लागले. जागा निवडली ती बरोबर पाटीच्या खाली. मला कळलं त्यांचं. झाड वाढलं की आधी गाढव झाकणार, मग नाव. हमीदभाई मेसच्या दारात हाताची घडी घालून बघत होते. मदतीला आले नाहीत, दुसऱ्या कुणाला जाऊही दिलं नाही. सरांचा श्वास लागला तरी नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "पाणी तुम्हीच घाला."

त्या सगळ्या मोसमात दर गुरुवारी सरांनी एसीचे डबे उचलले. शर्टाचं गळ्याचं बटण पहिल्यांदा उघडं दिसलं. खुर्ची मेसमध्ये गेली, तिच्यावर कांद्याची गोणी ठेवायला लागले. आणि पिशवी घ्यायचं सरांनी बंद केलं. झाड तगेल असं कुणालाच वाटत नव्हतं. बरेच दिवस नुसती काडी उभी होती. मग एका गुरुवारी आम्ही पोचलो तर हमीदभाई बाहेरच उभे.

"सर," ते म्हणाले, "फुटवा आलाय. बघा चला."

सर गेले आणि काडीपाशी उकिडवे बसून राहिले, छत्री तिच्यावर धरून. मी गाडीतच थांबले. मला रडू येत होतं आणि डोळ्यांना ऑफिससाठी लावलेला मस्कारा होता.

सर आता रायगडात असतात. वय झालं, व्हिसा पुढे मिळाला नाही. जाताना निरोप समारंभात महासामंतांनी त्यांना घड्याळ दिलं आणि भाषणात 'आमच्या फॅमिलीतले' म्हणाले. सर माझ्या कानाशी पुटपुटले, "ही स्तुती आहे बाई, चार ओळी कुठायत ते बघा." चार ओळी नव्हत्या.

सर गेले तेव्हा झाड गुडघ्याएवढं होतं. आता पाटीपर्यंत आलंय. गाढव कधीच पानांत गेलं. पण नाव स्वच्छ दिसतं. परवा मी गेले तेव्हा हमीदभाई नेमक्या नावावर झुकलेल्या फांदीची पानं खुडत होते, बाकीचं झाड भरगच्च सोडून.

"अहो, तिथलीच का तोडता?" मी म्हटलं. "त्यांना नाव झाकायचं होतं."

"म्हाईत आहे मला," हमीदभाई म्हणाले. "पण नवीन जीएम आलाय ना. तो आल्या आल्या इथं उभा राहिला, म्हणाला, वंडरफुल प्लेस फॉर पार्किंग. मग पाटी वाचली. विचारतो, हे डॉक्टर कोण? मी म्हटलं, अरबाबचे खास आहेत. कुठं असतात? म्हटलं, इंडियाला गेलेत, येतील इन्शाल्ला. तसा निमूट गेला." त्यांनी पानं ओच्यात टाकली. "अरबाब आता म्हातारे झाले. त्यांचं नाव सगळीकडे आहे, त्याला कोण घाबरतो? ज्याला कुणी बघितला नाही त्याला घाबरतात. हे झाकून कसं चालेल? सरांना सांगा, तुमची ड्युटी चालू आहे म्हणून."

मी तिथूनच फोन लावला. सगळं सांगितलं, फांदीचं, जीएमचं, अरबाबचे खास म्हणाले त्याचं. सर ऐकत होते.

"सर, हमीदभाई म्हणतात तुम्ही ड्युटीवर आहात."

 पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज.

"पगार मिळणार?"

"नाही."

"सुट्टी?"

"बाग आहे तोवर नाही."

"मग विष्टी झाली, बाई," सर म्हणाले. त्यांना इतकं खूश झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "हमीदभाईंना सांगा, पानं रोज तोडा."